परसबाग आपली, बी कोणाचे?

गेल्या काही वर्षांत आपल्या समाजात परसबागेची नवी हौस निर्माण झाली आहे आणि तिचे स्वागतच केले पाहिजे. ज्यांच्या वाडवडिलांच्या वाड्या इमारतींखाली गाडल्या गेल्या, त्यांची मुले आज गच्चीवर, सज्जात, जुन्या पिंपात आणि फुटक्या बादलीत मिरची-टोमॅटो लावू लागली आहेत. मात्र ह्या बागेच्या मालकाला एकच प्रश्न विचारून पाहावा: बी कोठून आणले? दुकानातून. मागल्या वर्षी? दुकानातून. आणि पुढल्या वर्षी? तेही दुकानातूनच. माझे म्हणणे कोणाला कडवट वाटेल, तरी ते स्पष्टपणे मांडतो. जी बाग स्वतःचे बी धरीत नाही ती अर्धीच बाग होय, आणि तिचा धनी हा माळी नसून केवळ गिऱ्हाईक होय.

वसईच्या वाड्यांना हे सांगण्याची वेळ यावी, हे आपले दुर्दैव. बावखलाच्या पाण्यावर केळी, पानवेल आणि भाजीपाला पिकविणाऱ्या ह्या पट्ट्यात मांडवावरचा एखादा दुधी चिंधी बांधून राखलेला असे. त्याला कोणी कोयता लावीत नसे, कारण तो बियाण्याचा. भेंडीच्या वाळक्या शेंगा, वालाचे दाणे, काकडीचे राखेत घोळलेले बी, हे सारे घरातील वडीलधाऱ्या स्त्रीच्या ताब्यात असे. शेजारीण बी मागायला आली तर तिला रिकाम्या हाताने परत पाठवीत नसत. ह्यात औदार्य होते तसे व्यवहारी शहाणपणही होते. एका घरचे बी कुजले तरी गावचे बी बुडत नसे. दिलेले बी अडीअडचणीला परत मिळे. आज आपण एकमेकांना वाढदिवसाला शोभेच्या कुंड्या देतो, पण मूठभर बी देण्याची ऐपत किती घरांत उरली आहे?

ह्यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. पुडी स्वस्त मिळते, मग ही खटपट कशाला? त्यांना मी उत्पत्तीच्या पुस्तकातील सत्तेचाळिसावा अध्याय पुन्हा वाचावयास सांगेन. योसेफाच्या दूरदृष्टीवर आपण प्रवचने ऐकतो. परंतु त्या कथेचा शेवट सहसा कोणी सांगत नाही. दुष्काळात मिसरी लोकांचा आधी पैसा संपला, मग गुरे गेली, शेवटी त्यांनी स्वतःला आणि आपल्या जमिनींना फारोच्या स्वाधीन केले आणि बदल्यात बी मागितले. बी मिळाले; पण त्याबरोबर पिकाचा पाचवा हिस्सा कायमचा फारोचा झाला. कोठारातील ते धान्य मुळात त्यांच्याच शेतांतून गोळा केलेले होते! आजच्या पुडीतील वाणांचे पूर्वजही शेतकऱ्यांच्या पिढ्यांनी निवडून राखलेलेच आहेत. पुडीची किंमत आज अल्प असेल, पण ती ठरविणारा आपण नाही. आणि उद्या तो वाण त्याने बंद केला तर विचारण्याची सोयही नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: संकरित बियाण्याला फळ अधिक येते. हे पुष्कळदा खरे आहे, आणि खरे ते मान्य केले पाहिजे. संकरित बी म्हणजे विष, अशी जी आवई काही उत्साही मंडळी उठवितात तिला आधार नाही. संकरित वाण आणि जनुकीय बदल केलेले वाण ह्यांची ते गल्लत करतात. बीटी वांग्याच्या लागवडीला केंद्र सरकारने २०१० साली स्थगिती दिली, तो प्रश्न वेगळा. संकरिताचा दोष त्याच्या फळात नाही, त्याच्या पुढच्या पिढीत आहे, आणि हे जगाला दाखवून दिले ते एका धर्मगुरूने. ऑगस्टिनियन संघाचे ग्रेगोर मेंडेल ह्यांनी १८५६ ते १८६३ ह्या काळात ब्रनो येथील मठाच्या बागेत वाटाण्याचे प्रयोग केले. गोल आणि सुरकुतलेल्या दाण्यांच्या संकरातून पहिल्या पिढीत सर्व दाणे गोल निघाले. ते पेरल्यावर मात्र ७३२४ दाण्यांपैकी ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले निघाले. लपलेला गुण परत आला. संकरित टोमॅटोचे बी घरी धरले तर हेच घडते. एकसारखी रोपे मिळत नाहीत, आणि पुन्हा दुकानाची पायरी चढावी लागते. तेव्हा ज्याला बी धरावयाचे आहे त्याने आरंभी देशी किंवा सरळ वाणाचे बी मिळवावे. पुडीवर ‘संकरित’ किंवा ‘एफ-१’ असे लिहिले असेल तर तिच्यापासून बी धरण्याची आशा करू नये.

तिसरा आक्षेप अज्ञानाचा आहे: हे काम अवघड, तज्ज्ञांचे. मुळीच नाही. बी त्याच्या जाडीच्या साधारण दुप्पट खोल पेरावे. वांगी, मिरची, टोमॅटो ह्यांची रोपे करवंटीत करून चार-पाच आठवड्यांनी सायंकाळी कायमच्या जागी लावावीत. वाल, भेंडी, काकडी, दुधी थेट आळ्यात. पाणी बेताने घालावे, नाहीतर कोवळी रोपे बुडाशी कुजून मान टाकतात. इतके बहुतेकांना येते. पुढचेही तितकेच सोपे आहे.

आरंभ वाल, चवळी आणि टोमॅटोपासून करावा; ह्यांची फुले बहुधा स्वतःच्याच परागाने फळतात. शेंगा वेलावरच वाळू द्याव्यात. पूर्ण पिकलेल्या टोमॅटोचा गर बियांसह दोन-तीन दिवस आंबवावा म्हणजे बुळबुळीत आवरण सुटते. मग धुऊन, तळाशी बसलेले बी बशीवर सावलीत वाळवावे. खाण्याजोग्या वांग्यातील बी कच्चे असते. ते पिवळे पडेपर्यंत झाडावर ठेवावे. भेंडी तपकिरी होऊन उकलू लागली म्हणजे काढावी, मिरची पुरती लाल झाल्यावर. ह्या तिघींत कीटक थोडाफार संकर घडवितात, म्हणून शेजारी दुसरा वाण असल्यास कळ्यांवर मलमलीची पिशवी बांधावी.

वेलभाज्यांत नर आणि मादी फुले वेगळी असतात. मादीच्या मागे इवलेसे फळ दिसते. दोन्ही कळ्या उमलण्यापूर्वी दोऱ्याने बांधाव्यात. काकडी-भोपळ्याचे फूल सकाळी उमलते, दुधीचे सायंकाळी. त्या वेळी नराचे पराग मादीला लावून ती पुन्हा बांधावी आणि देठाला चिंधी बांधून ठेवावी. दुधी आणि तांबडा भोपळा ह्यांचा आपसांत संकर होत नाही. दुधी कडू लागला तर तो खाऊही नये आणि त्याचे बीही धरू नये.

आपल्या दमट किनाऱ्यावर बियाण्याचा वैरी एकच, ओल. बी वाळवून, राख घालून, घट्ट झाकणाच्या बाटलीत नाव आणि तारखेसह ठेवावे. कांद्याचे बी वर्षभरात निकामी होते. टोमॅटो, काकडी, दुधी ह्यांचे नीट ठेवल्यास तीन-चार वर्षे टिकते. पेरणीपूर्वी वीस बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवाव्यात. निम्म्याही उगवल्या नाहीत तर बी दाट पेरावे किंवा शेजाऱ्याकडून नवे आणावे.

येथे आपल्या एका वाईट सवयीवर बोट ठेवणे प्राप्त आहे. उत्तम फळ आपण ताटात घेतो आणि उरलेसुरले, किडके, नजरचुकीने जून झालेले फळ बियाण्याला ठेवतो. मग म्हणतो, गावठी बी निकृष्ट! बी निकृष्ट नसते, निवड निकृष्ट असते. निरोगी रोपांपैकी उत्तम ते आधी बाजूला काढावे, तेही एका झाडाचे नव्हे, चार-पाच झाडांचे. भुकेल्या घरांनी जो संयम पाळला तो भरल्या घरांना जड का व्हावा?

अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. परंतु त्यांनी देशी वाणांची बियाणे-बँक उभी केली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आपण त्यांची छायाचित्रे भिंतीवर लावतो आणि खाली दुकानातील पुडी फोडतो. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने बी राखण्याचा, पेरण्याचा आणि देवाणघेवाणीचा शेतकऱ्याचा हक्क मान्य केला आहे. परंतु ज्याच्या घरी बीच नाही, त्याने हा हक्क कशावर बजावावा?

म्हणून माझी मागणी लहान आहे. प्रत्येक घराने यंदा एकाच भाजीचे बी धरावे. ऑक्टोबरात आगेऱ्याला नव्या भाताच्या लोंब्या घेऊन आपण चर्चमध्ये येतो. त्या दिवशी प्रत्येक घराने त्या बियाण्याची एक पुडी आणावी, वर वाणाचे नाव लिहावे, आणि परत जाताना दुसऱ्याची पुडी न्यावी. शेत नसलेल्यालाही त्या दिवशी देण्याजोगे काही असेल. जो हे करणार नाही त्याने खुशाल कुंड्या सजवाव्यात. मात्र आपण वाडवडिलांची वाडी जपली असे म्हणू नये.