बाटलीत राहणारा मुक्तमूलक

आवळ्याच्या रसापासून ग्रीन टीपर्यंत कुठलीही जाहिरात घ्या, ‘फ्री रॅडिकल’ हा त्यातला ठरलेला खलनायक. रसायनशास्त्रात त्याची ओळख साधी आहे. ज्या रेणूतला एखादा इलेक्ट्रॉन जोडीदाराविना उरतो, तो मुक्तमूलक. जोडी जमवण्यासाठी तो समोर येईल त्याच्याशी संयोग पावतो, म्हणून तो वेगळा काढणे महाकठीण.

१९०० साली मिशिगन विद्यापीठातल्या मोझेस गोंबर्ग यांना तो हवाही नव्हता. त्यांना करायचे होते हेक्झाफेनिलइथेन. ट्रायफेनिलमिथिल क्लोराइडमधला क्लोरीन चांदीने काढून घेतला की उरलेले तुकडे दोन-दोन करून जुळतील, असा सरळ हिशेब होता. पांढरा पदार्थ मिळालाही. पण पृथक्करणात कार्बन आणि हायड्रोजन मिळून ९४ टक्क्यांच्या आसपासच भरत. उरलेले ६ टक्के म्हणजे हवेतून शिरलेला ऑक्सिजन निघाला. मग हवा वगळून, कार्बन डायऑक्साइडमध्ये प्रयोग केला, तेव्हा पिवळे द्रावण तयार झाले. तो पिवळा रंग न जुळलेल्या तुकड्यांचा, म्हणजे मुक्तमूलकाचा. ते हवेत हलवले की रंग उडतो आणि थोडा वेळ तसेच ठेवले की परत येतो, कारण द्रावणातल्या जोड्या सुटून नवे मूलक तयार होत राहतात. हे संशोधनक्षेत्र आपल्यासाठी राखून ठेवावे, अशी इच्छा गोंबर्ग यांनी निबंधाच्या शेवटी नोंदवली. इतरांनी ती अर्थातच मानली नाही.

हा मूलक टिकतो कशामुळे? एकटा इलेक्ट्रॉन मधल्या कार्बनला जोडलेल्या बेंझिनच्या तिन्ही कड्यांवर पसरतो, हे नेहमीचे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. त्या कड्या पंख्याच्या पात्यांसारख्या तिरक्या बसून मधल्या कार्बनची वाट अडवतात. दोन मूलक भेटले तरी मध्याला मध्य जुळत नाही. एकाचा मध्य दुसऱ्याच्या कडीच्या टोकाला चिकटतो. ही रचना रसायनशास्त्रज्ञ याकोबसन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच सुचवली होती, पण पुस्तके हेक्झाफेनिलइथेनच छापत राहिली. १९६८ मध्ये एनएमआर या रेणूंची रचना तपासण्याच्या तंत्राने याकोबसन बरोबर असल्याचे दाखवले. साठ-पासष्ट वर्षे चुकीची आकृती पाठ केली गेली, याला पाठ्यपुस्तकांचा आळसच म्हणायला हवे.

अडवणुकीची ही युक्ती पुढे मुद्दाम वापरली गेली. बार्सिलोनात रसायनशास्त्रज्ञ बालेस्तेर यांनी कड्यांवरच्या सगळ्या हायड्रोजनच्या जागी क्लोरीन बसवून हवेतही टिकणारा मूलक घडवला. ‘टेम्पो’ या आणखी एका मूलकात नायट्रोजनच्या शेजारी चार मिथिल गट पहाऱ्याला असतात. त्याचे नारिंगी-लाल स्फटिक बाटलीत विकत मिळतात.

‘डीपीपीएच’ हाही असाच बाटलीतला मूलक. फार्मसीच्या प्रयोगशाळांत त्याच्या जांभळ्या द्रावणात वनस्पतींचा अर्क टाकतात. जांभळा रंग पिवळा पडला की अर्क ‘अँटिऑक्सिडंट’ ठरतो. प्राथमिक चाचणी म्हणून हे ठीक आहे. पण डीपीपीएच महिनोन्महिने टिकतो, तर पेशीतला हायड्रॉक्सिल मूलक जेमतेम एक अब्जांश सेकंद. पहिल्याचा रंग उडवणारा अर्क दुसऱ्याला गाठेलच, असे त्या परीक्षानळीतून सिद्ध होत नाही. तेव्हा वेष्टनावर अँटिऑक्सिडंटची टक्केवारी दिसली, तर चाचणी माणसांवर झाली की जांभळ्या द्रावणावर, एवढे उत्पादकाला जरूर विचारा.