दोष वैमानिकाच्या माथी मारण्यापूर्वी

गोंदिया-चांदा लोहमार्गावरील सौंदड या गावाचा विमानांशी काय संबंध, असे वाचकांस वाटेल. परंतु नागपूरहून कलकत्त्यापर्यंत नकाशावर सरळ रेषा आखली, तर ती या गावाच्या जवळूनच जाते. आणि टपालाच्या थैल्यांनी भरलेली डाकोटा विमाने एके काळी मध्यरात्र उलटल्यावर याच दिशेने जात असत. ३० जानेवारी १९४९ रोजी रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली विमाने नागपुरास एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपूर्वी आपापल्या वाटेला लागत. कौतुक वाटावे अशीच ती व्यवस्था होती. तिची किंमत कोणी दिली, हे मात्र फारसे कोणाच्या स्मरणात नाही.

१२ डिसेंबर १९५३ रोजी सोनेगाव विमानतळावरून मद्रासकडे निघालेली डाकोटा उड्डाणानंतर लगेच कोसळली. आठ कंपन्या एकत्र करून स्थापिलेल्या इंडियन एअरलाइन्स महामंडळास तेव्हा जेमतेम साडेचार महिने झाले होते. विमानातील चौदांपैकी तेरा जण मृत्यू पावले. वाचला तो एकटा वैमानिक. अशा प्रसंगी जिवंत राहणे हाही जणू अपराध ठरतो.

दोन इंजिनांचे विमान म्हणजे एक बंद पडले तरी दुसरे तारून नेईल, अशी सर्वसाधारण समजूत आहे. उंच आकाशात ती बहुधा खरी ठरते. परंतु जमीन नुकतीच सुटली आहे, वेग कमी आहे, टाक्या भरलेल्या आहेत, अशा क्षणी बंद इंजिनाचा पंखा हवेला अडसर होतो, विमान त्या बाजूस ओढले जाते आणि वैमानिकास विचार करण्यास काही सेकंदच मिळतात. डाकोटाची मूळ रचना १९३५ सालची. एका इंजिनावर विमानाने किती चढले पाहिजे याच्या कडक कसोट्या महायुद्धानंतर ठरल्या, पण या जुन्या विमानास त्यांतून सवलत मिळाली; कारण त्याच्याऐवजी घेण्यास तितके स्वस्त विमान कोणापाशीच नव्हते. ही काटकसर सर्वस्वी चुकीची होती असे आम्ही म्हणत नाही. तिच्यावाचून अनेक गावांस विमान दिसलेच नसते. परंतु ती काटकसर वैमानिकाने ठरविलेली नव्हती.

दुसरे उदाहरण आपल्याच राज्यातले आहे. ४ ऑगस्ट १९७९ रोजी पुण्याहून मुंबईस येणारे अव्रो विमान खराब हवेत पनवेलजवळच्या डोंगरावर आदळले व पंचेचाळीस माणसे गेली. वैमानिक अपेक्षेपेक्षा खाली का आला, हा प्रश्न रास्तच आहे. पण आपण नेमके कोठे आहोत हे कळण्याची कोणती साधने त्याच्या हाती दिली होती, हा प्रश्न त्याच्या आधीचा आहे.

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादेत दोन इंजिनांचेच, परंतु कितीतरी आधुनिक विमान उड्डाणानंतर लगेच कोसळले. आतील २४२ जणांपैकी एकच प्रवासी वाचला. चौकशी चालू असतानाच मृत वैमानिकांकडे बोटे दाखविण्यात आली. मेलेल्या माणसास उलटतपासणी करता येत नाही, ही सोय आरोप करणाऱ्यांस नेहमीच उपयोगी पडते.

आमची मागणी साधी आहे. अपघाताचा निष्कर्ष तेवढा छापून भागणार नाही. वजनाचा तक्ता, दुरुस्तीच्या नोंदी, कर्मचाऱ्यांचे कामाचे तास आणि विमानतळावरील साधनांची स्थिती यांसह संपूर्ण अहवाल लोकांपुढे आला पाहिजे. जुने अहवालही खुले झाले पाहिजेत. सौंदड ज्या जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील बिरसी येथे आज तरुण वैमानिक शिक्षण घेत आहेत. मार्च २०२३ मध्ये तेथून उडालेले शिकाऊ विमान शेजारच्या बालाघाट जिल्ह्यात कोसळून त्यातील दोघेही गेले. नागपूरच्या १९५३ सालच्या अपघाताची साद्यंत हकीगत या मुलांच्या अभ्यासक्रमात असावी, आणि त्यांना विमाने पुरविणाऱ्या व परवाने देणाऱ्या अधिकाऱ्यांनीही ती वाचलेली असावी.