तलावातील क्लोरीन जाते कोठे?

रिओ द जानेरो येथील ऑलिंपिकमध्ये ९ ऑगस्ट २०१६ रोजी मारिया लेंक जलतरण केंद्रातील डायव्हिंगच्या तलावाचे पाणी अचानक हिरवे झाले. पाठोपाठ शेजारचा वॉटरपोलोचा तलावही हिरवट दिसू लागला आणि खेळाडूंचे डोळे चुरचुरू लागले. आयोजकांनी प्रथम शेवाळाकडे बोट दाखवले, तर आंतरराष्ट्रीय जलतरण महासंघाने शुद्धीकरणाची रसायने संपल्याचे कारण पुढे केले. अखेर आयोजकांनी खरा प्रकार मान्य केला. उद्घाटनाच्या दिवशी, ५ ऑगस्टला, कंत्राटदाराने पाण्यात ८० लिटर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतले होते.

हायड्रोजन पेरॉक्साइड हेही जंतुनाशकच आहे. परंतु क्लोरीनशी त्याची गाठ पडली की दोघेही एकमेकांना निष्प्रभ करतात आणि शेवाळाला मोकळे रान मिळते. त्याहून गंभीर बाब अशी की, पाण्यात क्लोरीन नसतानाही मोजणारी यंत्रणा ते असल्याचे दाखवत राहिली, असे आयोजकांनीच सांगितले. शेवटी एका तलावातील सुमारे ३७ लाख लिटर पाणी काढून सरावाच्या तलावातील पाणी तेथे आणावे लागले.

रिओमध्ये ही चूक एका कंत्राटदाराने केली. सर्वसाधारण तलावात हेच काम, संथपणे का होईना, पोहणारे करीत असतात. पाण्यात मिसळलेल्या क्लोरीनपासून हायपोक्लोरस आम्ल तयार होते आणि जंतू मारण्याचे मुख्य काम तेच करते. मात्र त्याचे प्रमाण पाण्याच्या सामूवर अवलंबून असते. सामू ७.५ च्या आसपास असेल तर मोकळ्या क्लोरीनपैकी साधारण निम्मा भाग या प्रभावी रूपात असतो. सामू ८ वर गेला की तो जेमतेम पाव उरतो. क्लोरीनची मात्रा तीच, पण मारक शक्ती निम्मी, असा हा हिशेब आहे.

या उरलेल्या शक्तीला घाम, लघवी, अंगावरील तेल आणि मळ यांचा वाटा द्यावा लागतो. त्यांतील युरिया व अमोनियाशी संयोग होऊन क्लोरामाइन ही संयुगे बनतात. त्यांची जंतुनाशक क्षमता फारच कमी असते. डोळे लाल होणे, खोकला येणे आणि तो परिचित उग्र वास ही मुख्यतः त्यांचीच करणी. त्यामुळे ‘वास येतो म्हणजे भरपूर क्लोरीन आहे, पाणी स्वच्छ आहे’ हा रूढ समज नेमका उलटा ठरतो. वास हा बहुधा क्लोरीन खर्ची पडल्याचा पुरावा असतो. बंदिस्त तलावात हे वायू पाण्याच्या पृष्ठभागालगत साचतात. त्याचा त्रास रोज तासन्‌तास तेथे राहणाऱ्या प्रशिक्षकांना आणि जीवरक्षकांना अधिक होतो.

मानवी दूषण किती असते, याचा अंदाज कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या २०१७ मधील अभ्यासाने दिला. शरीरात न पचता लघवीवाटे बाहेर पडणाऱ्या एका कृत्रिम गोडव्याच्या मोजमापावरून, सुमारे ८ लाख ३० हजार लिटरच्या तलावात ७५ लिटर लघवी असल्याचे अनुमान संशोधकांनी काढले.

महाराष्ट्रातील शहरांत या प्रश्नाला उन्हाळ्याची जोड मिळते. एप्रिल-मेमध्ये एकामागून एक तुकड्या पाण्यात उतरतात, उघड्या तलावातील क्लोरीन उन्हाने झपाट्याने नाहीसे होते आणि नेमकी त्याच दिवसांत पाणीटंचाई असल्याने ताज्या पाण्याची भर घालणे अवघड होते. जुने पाणी गाळून फिरवत राहिले तरी विरघळलेला युरिया गाळणीत अडकत नाही. तो साचतच जातो. अशा वेळी क्लोरीनची मात्रा वाढवत राहणे हा अपुरा उपाय ठरतो. मोजण्याची पद्धतही फसवी असू शकते. सर्वपरिचित ‘ओटी’ चाचणीतील पिवळा रंग मोकळ्या आणि संयुक्त अशा दोन्ही क्लोरीनमुळे येतो. डीपीडी चाचणीत मात्र दोन्ही वेगवेगळे मोजता येतात.

साहजिकच, मोकळे क्लोरीन, संयुक्त क्लोरीन आणि सामू हे तिन्ही आकडे दिवसातून अनेकदा मोजून प्रवेशद्वारावरील फलकावर लिहिणे, ही पालिका तसेच खासगी तलावचालकांची किमान जबाबदारी ठरते. नागरिकांचा वाटा त्याहून सोपा आहे. पोहण्यापूर्वी साबणाने अंघोळ, लहान मुलांना मधूनमधून स्वच्छतागृहात नेणे आणि अतिसार झालेल्याने पाण्यात न उतरणे, इतकेच. यातील शेवटची अट सर्वांत महत्त्वाची. कारण अतिसार घडवणारा क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी नेहमीच्या क्लोरीनयुक्त पाण्यातही आठवडाभराहून अधिक काळ तग धरू शकतो. रिओचे पाणी हिरवे झाले म्हणून बिघाड जगाला दिसला. क्लोरामाइन आणि जंतू यांना रंग नसतो. निळ्याशार दिसणाऱ्या पाण्याची तपासणी म्हणूनच अधिक काटेकोर हवी.