हॉप्सचं फूल, मोहाचं फूल

पहिला घोट घेतला आणि वाटलं, कोणी तरी कारल्याच्या रसात संत्र्याची साल पिळून दिली. कॉलेजच्या सहलीत गोव्याला गेलो होतो. ग्लासात होती आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल. कडक, कडू आणि वासाला भलतीच छान. गोव्यात वयाची अट १८ आहे, म्हणून ती माझ्यापुढे आली. आपल्या महाराष्ट्रात माइल्ड बिअरसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ वर्षं पूर्ण लागतात, वर परवाना. एका दिवसाचा परवाना पाच रुपयांत मिळतो. काढलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही.

नावात इंडिया कसं? इंग्लंडहून बिअर जहाजाने मुंबई-कलकत्त्याला यायला तेव्हा महिने लागायचे. वाटेत नासू नये म्हणून इकडे येणाऱ्या पिंपात हॉप्स जास्त घालत. हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं. ती उकळली की कडूपणा उतरतो, शेवटी घातली तर वास राहतो. मजा म्हणजे आपल्याकडे 'स्ट्राँग' म्हणून खपणाऱ्या बाटलीत हा कडूपणा नावालाच असतो, तिथे स्ट्राँग म्हणजे फक्त अल्कोहोल जास्त.

'फूल' म्हटल्यावर मला घर आठवलं. चंद्रपूर-गडचिरोलीत मार्च-एप्रिलमध्ये पहाटे टोपली घेऊन बाया-पोरं मोहाखाली जातात. रात्रभर गळलेली गोड, रसदार फुलं वेचायची, अंगणात वाळवायची, थोडी खायची, बाकी विकायची. दारूही त्याचीच. पूजेत, लग्नात, मर्तिकात ती लागते. हॉप्सच्या बिअरला आपण 'क्राफ्ट' म्हणतो. मोहाच्या दारूला काय म्हणतो? हातभट्टी.

इथे बंदीची गोष्ट येते आणि ती सोपी नाही. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरातही ती हवी म्हणून डिसेंबर २०१० मध्ये श्रमिक एल्गारच्या पारोमिता गोस्वामींसोबत हजारो बाया चिमूरहून नागपूर अधिवेशनावर पायी गेल्या. त्या चवीबद्दल भांडत नव्हत्या. नवऱ्याची मजुरी घरी पोचावी, रात्री मार बसू नये, एवढंच मागत होत्या. १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपुरात बंदी लागली. पुढे रमानाथ झा समितीचा अहवाल आला, अवैध विक्री वाढल्याचं कारण पुढे आलं आणि २७ मे २०२१ ला मंत्रिमंडळाने बंदी उठवली. आता मूल, सावली, व्याहाड करत वैनगंगेचा पूल ओलांडला की कायदा बदलतो. अलीकडे बार, पलीकडे गुन्हा. नदीला याची काही खबर नसावी.

बंदी फसली म्हणून उठवली, हे मला अर्धंच पटतं. चोरून विक्री वाढली हे खरं, आणि चोरून गाळलेल्या दारूत काय घातलंय ते पिणाऱ्याला कळत नाही हेही खरं. पण दुकानं उघडल्यावर पैसा कुणाकडे गेला? परवानावाल्यांकडे आणि सरकारी तिजोरीत. चिमूरहून निघालेल्या बाया जिथे होत्या तिथेच राहिल्या. आणि मोह वेचणारीही.

बरं, मोहाला कायद्यात जागाच नाही असंही नाही. २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोहफुलं आणि काजूबोंडांपासून बनणाऱ्या मद्याला 'विदेशी मद्या'चा दर्जा द्यायचं ठरवलं. विदेशी! आमच्या अंगणात वाळणारं फूल. डहाणूच्या एका डिस्टिलरीची मोहाची दारू २०२४ पासून 'सिक्स ब्रदर्स महुरा' या नावाने देखण्या बाटलीत विकली जाते. मध्य प्रदेशने तर मोहाच्या दारूला 'हेरिटेज' म्हणून वेगळं धोरण केलं आणि अलिराजपूरच्या आदिवासी बचतगटाची 'मोंड' बाजारात आली. फूल तेच. डहाणूत उद्योग, अलिराजपुरात वारसा, गडचिरोलीत पोलिसांची धाड.

मग गडचिरोलीतही उघडा सगळं? मी असं म्हणणार नाही. मला ते म्हणायचा हक्कही नाही. १९९६ चा पेसा कायदा मात्र सांगतो की अनुसूचित क्षेत्रात गौण वनोपजाची मालकी ग्रामसभेची आणि दारू बंद ठेवायची की तिचं नियमन करायचं, यातही शब्द ग्रामसभेचा. म्हणजे फूलही गावाचं आणि निर्णयही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवून दाखवला आहे. तरीही अख्ख्या जिल्ह्याला चालू की बंद, हे मुंबईत ठरतं आणि सहा वर्षांनी मुंबईतच फिरवलं जातं. एखाद्या गावातल्या बाया 'आमच्याकडे नकोच' म्हणाल्या तर तिथे ती नकोच. दुसरं गाव फक्त सणापुरती म्हणेल, तिसरं फूल चांगल्या भावाने विकू म्हणेल. हे विचारल्याशिवाय कसं कळणार?

होस्टेलवर आल्यावर मी धानोऱ्याकडच्या मैत्रिणीला हे सगळं सांगितलं. आयपीए, बाटली, विदेशीचा दर्जा. तिने शांतपणे ऐकलं. चवीबद्दल काही विचारलं नाही. म्हणाली, "ते बाटलीवाले फूल किलोनं किती रुपयांत घेतात, ते विचारलंस का?"

मी विचारलं नव्हतं.