चार चकल्या, रिबिनीसकट

दिवाळीत घरी येणाऱ्या फराळाच्या हॅम्परमध्ये सगळ्यात ताजी वस्तू असते ती रिबीन. त्याखालोखाल कागदी गवत. फराळाचा नंबर फार नंतर लागतो, आणि तोही सापडला तर.

सापडला तर म्हणते, कारण शोधावा लागतो. आधी सोनेरी जाळी. मग चरचर वाजणारी पारदर्शक फिल्म, तिला सहा ठिकाणी सेलोटेप. मग एमडीएफचं खोकं, झाकणावर लेझरने कापलेलं ‘शुभ दीपावली’ आणि एक मोर. (मोराचा चकलीशी काय संबंध, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.) झाकण काढलं की रंगीत कागदाच्या कातरणांचं रान. त्या रानात प्लॅस्टिकचा ट्रे, त्याच्या कप्प्यांत चार चकल्या, तीन करंज्या, दोन बेसनाचे लाडू, मूठभर शंकरपाळे, आणि एका इवल्या बरणीत एका बकाण्यात संपेल इतका चिवडा. उरलेल्या जागेत सुगंधी मेणबत्ती, उटण्याची पुडी, दोन रंगवलेल्या पणत्या आणि एक चिठ्ठी : ‘प्रेमाने, आमच्या स्वयंपाकघरातून.’

दुकानदारांबद्दल मी बोलतच नाही. त्यांचा तो धंदा आहे, त्यांनी मोर काय, हत्ती कापावेत. मी बोलतेय ते घरी फराळ करणाऱ्यांबद्दल. ज्यांनी भाजणी स्वतः भाजली, सोऱ्या दाबून मनगट सुजवून घेतलं, रात्री अकरा वाजता शेवटचा घाणा काढला, आणि मग तो सगळा जीव या मखरात नेऊन बसवला. आमच्या सोसायटीतल्या एका सुनेला मी विचारलं, “अगं, कशाला एवढा थाट?” ती म्हणाली, “काकू, हल्ली लोक प्रेझेंटेशन बघतात.” बघतात हे अगदी खरं. खात नाहीत, हेही तितकंच खरं.

आणि खाऊ नयेच, अशी व्यवस्था त्या खोक्यात चोख केलेली असते. उटणं आणि चिवडा शेजारीशेजारी ठेवायची कल्पना ज्या डोक्यातून निघाली त्याला माझा दंडवत. तुपा-तेलातले पदार्थ आसपासचे वास ओढून घेतात, हे आपल्याकडे ज्या बाईने एकदा मसाल्याच्या कपाटात लाडवाचा डबा ठेवला तिला कायमचं ठाऊक असतं. कपूरकाचरी, नागरमोथा, वाळा हे अंगाला लावायला उत्तम. पोह्याच्या चिवड्यात त्यांचं काम काय? वर ती लव्हेंडरची मेणबत्ती. पाडव्यापर्यंत करंजीलाही लव्हेंडरचा वास लागलेला असतो, आणि खाणारा बिचारा म्हणतो, काहीतरी वेगळा फ्लेवर दिसतोय.

मग काही खोक्यांना असतं ते पारदर्शक झाकण. आत काय आहे ते दिसलं पाहिजे ना! तळलेल्या पदार्थाचे दोन मोठे शत्रू, हवा आणि उजेड. दोन्हींनी तेल-तूप लवकर खवट होतं. आपल्या आज्या फराळ पत्र्याच्या नाहीतर पितळेच्या, घट्ट झाकणाच्या, आतलं काही न दिसणाऱ्या डब्यात भरून फडताळात ठेवायच्या, त्यामागे निव्वळ पोरांपासून लपवणं नव्हतं. आम्ही तेच पदार्थ काचेसारख्या खोक्यात घालून दिवाणखान्याच्या ट्यूबलाइटखाली मांडतो. शिवाय फोटो काढायची घाई असते म्हणून चकली पुरती गार व्हायच्या आत ट्रेमध्ये जाते. तिची वाफ झाकणाला धरते, परत तिच्यावरच उतरते, आणि खुसखुशीत म्हणून निघालेली चकली पोचते तेव्हा मुलायम असते. लोक मोहनाला दोष देतात. मोहन बरोबर होतं हो, घाई झाली होती.

कागदी गवताबद्दल मी सभ्य शब्दांत लिहू शकत नाही. बेसनाच्या लाडवाला तूप सुटलेलं असतं. त्यावर जांभळ्या कागदाच्या मिशा चिकटतात. त्या एकेक उपटून लाडू खायचा असतो, आणि उपटलेल्या मिशीबरोबर थोडं बेसन जातं, थोडा रंग मागे राहतो. तो रंग खाण्यायोग्य आहे का, हे हॅम्पर देणारीने विचारलेलं नसतं आणि विकणाऱ्याने सांगितलेलं नसतं.

बरं, आता कायदा. १ जुलै २०२२ पासून देशभरात एकदाच वापरून फेकायच्या ज्या प्लॅस्टिकच्या वस्तूंवर बंदी आली, त्या यादीत मिठाईच्या खोक्यावर गुंडाळायची फिल्म चक्क नाव घेऊन लिहिलेली आहे. कानकोरणी, फुग्याच्या काड्या, ट्रे, सजावटीचं थर्माकोल आणि मिठाईच्या खोक्यावरची फिल्म. म्हणजे दिल्लीत बसून यादी करणाऱ्या कुणाला तरी कळलं होतं की हे वेष्टन निव्वळ चरचर वाजण्यासाठी असतं. महाराष्ट्राने तर प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना २०१८ मध्येच काढली होती. आणि आमच्या घरी गेल्या दिवाळीत आलेल्या एका हॅम्परमध्ये, त्याच फिल्मच्या आत, बी पेरलेल्या कागदाचं कार्ड होतं : ‘यंदा पर्यावरणपूरक दिवाळी.’ तो कागद कुंडीत पेरा म्हणे, झेंडू उगवेल. फिल्म कुठे पेरू?

जुनं ते सोनं, असं म्हणायला मी बसलेली नाही. जुनं मी पाहिलंय. चकल्या वर्तमानपत्रावर निथळत टाकायच्या आणि त्याच कागदात पुडा बांधून मामाकडे पाठवायचा. चकलीच्या खालच्या अंगाला अग्रलेख उमटलेला असायचा. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या पॅकेजिंग नियमांनी छापील वर्तमानपत्रात अन्न बांधायला मनाई केली ते योग्यच झालं, शाई पोटात जाण्यासाठी नसते. आणि फराळाच्या ताटावर झाकलेला तो क्रोशाचा रुमाल? तोही दिखावाच होता. ताटात काय आहे त्याआधी रुमालाचा टाका बघितला जायचा. विणणाऱ्या बाईला ते माहीत असायचं, म्हणूनच ती मे महिन्यापासून विणत बसायची.

पण तो रुमाल परत यायचा, आणि माझं सगळं भांडण या एका गोष्टीवर येऊन थांबतं. रुमाल परत यायचा, ताट परत यायचं, आणि रिकामं येत नसे. समोरच्यांचे चिरोटे येत, कडबोळी येत, ज्यांच्याकडे त्या वर्षी सुतक असे किंवा हात तंग असे त्यांच्याकडून वाटीत चमचाभर साखर येई. फराळ देणं ही एका बाजूने सुटलेली गोष्ट नव्हतीच. ताट अडकलेलं असायचं, म्हणून माणसाला दार वाजवावं लागायचं. आणि दार वाजवलं की बोलणं व्हायचं, आणि ते सगळं गोड नसायचं. “चकली जरा कडक झाली का हो यंदा?” “मोहन कमी पडलं बहुतेक.” “भाजणीत उडीद जास्त घेतलेत तुम्ही.” ही टीका ऐकून आई दोन दिवस धुसफुसायची आणि पुढच्या वर्षी उडीद कमी घ्यायची. चाळीचाळीतून अख्खा फराळ असाच सुधारत आला.

खोकं परत करायचं नसतं. एमडीएफचा मोर परत नेऊन दिला तर समोरची बाई म्हणेल, आवडलं नाही वाटतं. म्हणून त्याला उत्तर मोबाईलवर जातं : खोक्याचा फोटो, खाली हात जोडलेले आणि ‘वॉव’. करंजीचं सारण ओलं राहिलंय, हे फोटोत कुठे दिसतं? सांगणारं कुणी उरलेलं नाही, त्यामुळे दर वर्षी सारण ओलंच राहतं आणि खोकं मात्र दर वर्षी सुधारतं.

याहून वाईट म्हणजे हॅम्पर पुढे ढकलता येतो. ताट ढकलता येत नसे, उघडं ताट घरात आलं की ते खाल्लं जायचं. फिल्म न फाडता हॅम्पर तसाच साहेबांकडे, साहेबांकडून डॉक्टरांकडे, डॉक्टरांकडून त्यांच्या कंपाउंडरकडे जातो. भाऊबीजेपर्यंत तीन घरं फिरून आलेल्या करंजीत ओलं खोबरं असेल, तर ती करंजी ज्याच्या तोंडात शेवटी जाते त्याने काय पाप केलेलं असतं? शेवटच्या घरात बहुधा घरकाम करणाऱ्या ताई असतात. आपण त्यांना दिवाळी दिली, असं वर म्हणायला आपण मोकळे.

गोव्यात अजून काही गावांत नाताळला ख्रिस्ती घरातून शेजारच्या हिंदू घरात ताट जातं, नेवऱ्या, दोदोल, कुलकुल घातलेलं, आणि चवथीला-दिवाळीला उलट दिशेने. नेवरी दोन्ही ताटांत असते, त्यामुळे कुणाची पारी पातळ, याचा निकाल दरवर्षी लागतो. तिथल्याच बेबिंका या मिठाईला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, छान झालं. आता तिचीही खोकी निघालीत, नारळाची झाडं छापलेली. ताटाला मानांकन कोण देणार?

तारखेचंही बोलू. मिठाईच्या दुकानांना १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईपुढेही ‘अमुक तारखेपर्यंत खावी’ अशी पाटी लावणं बंधनकारक झालं. घरच्या भेटीला हा नियम लागत नाही, कबूल. पण आपल्या खोक्यांवर काय काय छापलेलं असतं बघा : घराण्याचं नाव, पहाटेच्या ओळी, दिव्याचं चित्र, ‘आजीच्या हातची चव’ (आजी जाऊन वीस वर्षं झालेली). कधी तळलं ते नाही. तूप वापरलं, तेल वापरलं की डालडा, ते नाही. लाडवात खोबरं ओलं की सुकं, ते नाही. चिवड्यात शेंगदाणे आहेत हे नाही, आणि शेंगदाण्याने ज्याचा घसा सुजतो त्याला मोराचा काही उपयोग नसतो. चार आण्याच्या कोऱ्या कागदावर पेनाने हे सगळं मावतं. पण पेनाने लिहिलं की गरिबी दिसते ना!

बांधणीच नको, असं म्हणणाऱ्यांतली मी नव्हे. बांधणी शिकायची तर परदेशी फराळ पाठवणाऱ्या बायकांकडून शिकावी. त्यांना खोक्याचं कौतुक परवडत नाही, कारण त्यांचं खोकं विमानतळांवर आपटलं जाणार असतं. त्या चकल्या गोल डब्यात एकावर एक अशा घट्ट रचतात की हलायला जागाच राहू नये, कारण चकली वजनाने मोडत नाही, ती आदळून मोडते. लाडू एकेक करून बटर पेपरात. करंजीची मुरड आधी तुटते म्हणून तिला कडेला कागदाचे बोळे. चिवडा दोन पिशव्यांत, म्हणजे हिंगाचा वास लाडवाकडे जाणार नाही. वर कस्टमसाठी स्वच्छ यादी, कारण तिथला अधिकारी कडबोळं ओळखत नाही. दुधाचं काही घालत नाहीत, ऑस्ट्रेलियासारखा देश दर दिवाळीला बजावत असतो की पेढे-बर्फी पाठवू नका, जप्त होईल. सहा हजार मैलांवर पोरगा डबा उघडतो तेव्हा चकली अख्खी असते आणि चकलीसारखी लागते. दोन गल्ल्या ओलांडून आलेली आमची चकली लव्हेंडरमध्ये न्हालेली असते.

आता पैशाचं. माझ्या ओळखीची एक बाई दिवाळीत घरून फराळ विकते. चकलीचा हात असा, की मी स्वतः करणं सोडून तिच्याकडून घेते. तिला कुठल्याशा प्रशिक्षणात सांगितलं, ताई, चव उत्तम आहे, पॅकेजिंग सुधारा. म्हणून तीही दसऱ्यानंतर रविवार पेठेत बोहरी आळीत जाऊन खोकी आणते. खोक्याचा भाव छापील, त्यात घासाघीस नाही. रिबिनीचा नाही, जाळीचा नाही, गवताचाही नाही. मग गिऱ्हाईक येतं. मोठ्या कचेरीतलं, चाळीस हॅम्पर हवेत म्हणणारं. खोकं निवडायला त्याला पाऊण तास लागतो. महागातलं खोकं निवडतं, मोरवालं. त्याचे पैसे ऐकून पापणी हलत नाही. मग चकलीच्या किलोचा भाव ऐकतं आणि म्हणतं, “घरचंच तर आहे, जरा कमी करा की ताई.”

भाजणी धुऊन, वाळवून, भाजून, दळून आणलेली. तेल दिवाळीच्या तोंडावर चढलेलं. सिलिंडर तिचा, मनगट तिचं, झोप तिची. यातलं काहीच छापील नसतं, म्हणून सगळी घासाघीस तिथेच. मी समोर बसले होते, मला वाटलं आता ही भांडेल. ती शांतपणे “बरं, बघते” म्हणाली, आणि गिऱ्हाईक खाली उतरल्यावर चाळीस खोक्यांसाठी सहा-सहाच्या जागी चार-चार चकल्या मोजायला बसली. खालच्या जागेत गवत जास्त कोंबलं. माल पोचल्यावर त्या कचेरीतून तिला फोन आला : यंदाचा हॅम्पर फार भरगच्च दिसतोय, पुढच्या वर्षीही तुम्हीच.