पडदा बोलतो, ऐकतो कोण?

जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेत एक शेरेबही असते. भेटीला आलेला अधिकारी निघताना तीत दोन-तीन ओळी लिहितो, सही करतो, चहा घेतो आणि पुढच्या शाळेकडे वळतो. केंद्रप्रमुख म्हणून मी असे किती शेरे लिहिले याची गणती नाही. बहुतेक विसरलेही. एक मात्र विसरता येत नाही. २०१६ च्या हिवाळ्यात घाटाखालच्या एका लहानशा शाळेत मी लिहिले होते, 'शाळा डिजिटल झाली आहे. मुले आनंदाने शिकत आहेत. गुरुजींचे व ग्रामस्थांचे अभिनंदन.'

यातले पहिले वाक्य तरी खोटे नव्हते. 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम २०१५ मध्ये सुरू झाला होता आणि गावोगावी शाळा डिजिटल करण्याची चढाओढ लागली होती. शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याची शाळा बघायला लांबून माणसे जात होती. आमच्या त्या गावानेही लोकवर्गणी काढली. वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांनी गाव सोडण्याआधी शंभर-शंभर रुपये गुरुजींच्या हातावर ठेवले. मोठा टीव्ही आला, पेन ड्राइव्ह आला, नारळ फुटला. एरवी शाळेमागे चिंचा पाडत बसणारी पोरे घंटेआधी दारात उभी राहू लागली. जिथे खडूही जपून वापरावा लागतो तिथे हे घडताना पाहून आनंद झाला नसता तरच नवल.

तिसरीत एक मुलगा होता. टीव्हीवर कविता सुरू झाली की हा पडद्याच्या एक शब्द पुढे. हावभाव चोख, आवाज खणखणीत. मी कौतुकाने एका पुस्तकाचे पान त्याच्यापुढे धरले. वर चित्र विहिरीचे, खाली शब्द छापलेला 'आड'. त्याने चित्राकडे पाहिले आणि ठसक्यात वाचले, "विहीर!" सगळे हसले. मीही हसले. "हुशार आहे हो," असे गुरुजींना म्हणत त्याच्या पाठीवर थाप मारली आणि शेरेबही मागवली.

प्राथमिक शाळेत उभा जन्म घालवलेल्या बाईला त्या एका शब्दात सारे कळायला हवे होते. तो वाचत नव्हता, चित्र ओळखत होता. अक्षराशी त्याची गाठ पडलेलीच नव्हती. पण टीव्ही चालू होता, ग्रामस्थ भोवती उभे होते, फोटो काढायचा होता. दोन वर्षांनी तो पाचवीत भेटला तेव्हा 'रान' आणि 'नार' यांत त्याचा गोंधळ होत होता. त्याची आई म्हणाली, "टीव्हीसंगती तर सगळं म्हणायचा ना, बाई." बोलण्यात तक्रार नव्हती. म्हणूनच ते लागले.

टीव्हीचा यात दोष काढणे सोपे आहे, पण खरे नव्हे. टीव्हीला जे येते ते त्याने केले. तो बोलला. खेड्यातल्या मुलांना पडद्यावरून शिकवण्याची आपली हौस तशी जुनीच. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर अमेरिकेच्या एका उपग्रहाच्या मदतीने सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत दूरदर्शनचे संच लावले होते. 'साइट' या नावाने तो प्रयोग ओळखला जातो. त्यात महाराष्ट्र नव्हता. सकाळचे कार्यक्रम खास शाळकरी मुलांसाठी असत. पुढे २००७ मध्ये आपल्या कर्जत तालुक्यातल्या खैराट या छोट्या वस्तीवरच्या शाळेत मुलांच्या हाती हिरवा-पांढरा लॅपटॉप आला. 'दर मुलामागे एक लॅपटॉप' या जागतिक योजनेतला तो प्रयोग होता. त्याच योजनेची पेरू देशातल्या तीनशेहून अधिक ग्रामीण प्राथमिक शाळांत पाहणी झाली आणि निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. मुले यंत्र सराईतपणे हाताळू लागली होती. भाषा आणि गणित मात्र होते तिथेच होते. संच बदलले, हिशेब तोच राहिला: यंत्र मुलांशी काय बोलणार यावर सगळा खर्च, मुले काय म्हणताहेत ते ऐकण्यावर काहीच नाही.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, आणि त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना देऊन टाकली. लोकांच्या लक्षात राहिला तो पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड. मला त्याच्या आधीची गोष्ट मोठी वाटते. शाळेतल्या मुलांची घरची भाषा कन्नड आणि पुस्तक दुसऱ्याच भाषेतले, हे या शिक्षकाच्या ध्यानात आले. ते स्वतः कन्नड शिकले, पुस्तके त्या भाषेत आणली आणि मग कोडाकडे वळले. कोड आज राज्यभरच्या पुस्तकांवर आहेत. ते ऐकणे काही छापता येत नाही.

निवृत्तीच्या आधीच्या वर्षी मी एका दुसऱ्या शाळेत गेले. तिथे टीव्ही होता, पण वीजबिल थकल्याने जोडणी तोडलेली. (शाळांच्या वीजबिलावर एक वेगळा लेख होईल, असो.) बाईंकडे होता फक्त स्वतःचा साधा मोबाइल. रोज सहा मुले एकेक करून व्हरांड्यात येत, पुस्तकातल्या चार ओळी वाचत आणि बाई ते मोबाइलवर ध्वनिमुद्रित करीत. मग ते मुलाला ऐकवीत. पहिल्या वेळी प्रत्येक मूल दचकते. "हा मी आहे?" दुसरीतल्या एका मुलीने स्वतःचे वाचन ऐकता ऐकता मध्येच कपाळावर हात मारला. 'पर्वत' चे तिने 'परवत' केले होते. कोणी काही न सांगता तिने पुस्तक ओढले आणि तो शब्द पुन्हा वाचला. जुलैचे वाचन बाई नोव्हेंबरात परत ऐकवत. आपण किती अडखळत होतो हे ऐकून मुलांना जे हसू फुटे, त्याची सर कुठल्याही पडद्यावरच्या चांदण्यांना येणार नाही.

खरी गंमत तर पुढे आहे. संध्याकाळी भाजी निवडताना बाई ती वाचने पुन्हा ऐकत. वर्गात तीस मुले आणि दोन इयत्ता एकत्र असताना जे सुटून जाते ते घरी सापडे. हा पहिले अक्षर पाहून बाकीचा शब्द अंदाजाने ठोकतो. ही काना खाते. तो तर वाचतच नाही, शेजारच्याचे ऐकून पाठ म्हणतो. वहीत नावापुढे एक शब्द लिहीत आणि दुसऱ्या दिवशी त्या मुलाला तेवढेच शिकवीत. वर्ष संपले की सारे ध्वनिमुद्रण पुसून टाकत. लेकरांचे आवाज गावभर फिरवायचे नसतात, हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही. ही सगळी यातायात स्वतःच्या खर्चाने आणि स्वतःच्या वेळात. कारण शाळेच्या वेळातला त्यांचा मोबाइल वरून मागवलेली माहिती भरण्यात आणि फोटो पाठवण्यात गुंतलेला असे. डिजिटल शाळा म्हणजे काय असे एखाद्या शिक्षकाला विचारून पाहा; पाठाच्या आधी तो लिंकांची यादी सांगेल.

'असर' चा अहवाल दरवेळी आला की आपण आकड्यांवरून वाद घालतो. ग्रामीण भारतात तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी २०१८ मध्ये २७.३ टक्के होती, शाळा दीर्घकाळ बंद राहिल्यानंतर २०२२ मध्ये २०.५ टक्के आणि २०२४ मध्ये २७.१ टक्के. म्हणजे घसरलो होतो तिथून पुन्हा मूळ जागी आलो, आणि ती मूळ जागाही अशी की चारातली तीन मुले वाचू शकत नाहीत. ही पाहणी कशी होते, हे मात्र फारसे कोणी बघत नाही. एक छापील कागद असतो. त्यावर अक्षरे, शब्द, एक सोपा परिच्छेद, एक गोष्ट. एक माणूस मुलाजवळ बसतो आणि ऐकतो.

शहरातल्या घरांनाही हे लागू आहे. माझा पुण्यातला नातू टॅब्लेटवरच्या गोष्टींना मागे पडतील इतक्या चांदण्या मिळवून बसला आहे. सूनबाईंना मी एकदाच म्हटले, "चित्रावर हात ठेव आणि वाचायला सांग." त्यांना ते आवडले नाही. संध्याकाळी बघितले तर हात ठेवलेला होता. निकाल मी विचारला नाही, सासूने प्रत्येक गोष्ट विचारू नये.

तो विहीरवाला मुलगा गेल्या वर्षी एसटी स्टँडवर भेटला. अठरा पूर्ण झालेले, गॅरेजात काम करतो. मला पाहून वाकला. मोबाइल त्याच्या हातात असा फिरत होता की बघत राहावे. निरोप बोलून पाठवतो, काही शोधायचे तर मोबाइललाच तोंडी विचारतो, उत्तरही कानाने घेतो. शिकाऊ वाहन परवान्याच्या परीक्षेत दोनदा नापास झाला होता. ती परीक्षा संगणकावर असते. "चिन्हं सगळी ओळखतो, बाई. पण प्रश्न वाचेपर्यंत टाइम संपतो."

गाडीला अर्धा तास होता. स्टँडवरच्या बाकावर मी त्याला शेजारी बसवले. परवान्याच्या नमुना प्रश्नांची मळकी पुस्तिका त्याच्या खिशातच होती. पहिल्या पानावरच्या चित्रावर मी तळहात ठेवला आणि म्हटले, "आता वाच. घाई नाही."