रिपीटचे पैसे कुणाचे?

न्यू जर्सीतला माझा मामेभाऊ आता सत्तरीचा झालाय. आम्ही सगळी भावंडं त्याला दादाच म्हणतो. निवृत्त झाल्यापासून त्याचा एकच उद्योग, जुने कृष्णधवल विनोदी पट शोधायचे आणि आम्हाला पाठवायचे. गेल्या महिन्यात त्यानं एकाच प्रसंगाचे दोन व्हिडिओ पाठवले. एकात प्रसंग सलग होता, दुसऱ्यात मधली काही सेकंदं गायब. खाली एवढंच लिहिलं होतं, "बघ, कात्री कुठे लागलीय."

हे पट म्हणजे 'लिटल रास्कल्स'. आपल्याकडे फारसे माहीत नाहीत म्हणून थोडं सांगते. लॉरेल-हार्डी ज्या हॅल रोचच्या स्टुडिओत मोठे झाले, तिथेच १९२२ साली 'अवर गँग' नावाने ही मालिका सुरू झाली. रोच स्वतः त्याची एक गोष्ट सांगायचा. कुणीतरी आपल्या मुलीला ऑडिशनला आणलं होतं. चेहऱ्यावर रंगरंगोटी, सगळं पाठ करून घेतलेलं. तो कंटाळला. खिडकीतून बघतो तर बाहेर लाकडाच्या वखारीपाशी पोरं एका काठीवरून भांडतायत, आणि हा आपला किती तरी वेळ ते भांडणच बघत बसला. पोरांना पोरांसारखं वागू द्यायचं, ही कल्पना तिथून आली म्हणे. (आपल्या रिअ‍ॅलिटी शोंच्या निर्मात्यांना कुणीतरी अशी एक खिडकी द्या.)

गल्लीतली गरीब पोरं, एक कुत्रा, भंगारातून केलेल्या गाड्या. गोरी आणि काळी मुलं एकत्र खेळतायत, आणि तेही १९२२ मध्ये, जेव्हा अमेरिकेच्या दक्षिणेत त्यांना एका शाळेत बसायची सोय नव्हती. ती कायद्याने मोडायला १९५४ साल उजाडलं. १९४४ पर्यंत दोनशेवीस लघुपट निघाले. पैकी 'पप्स इज पप्स' हा १९३० चा पट आज त्यांच्या राष्ट्रीय चित्रपट यादीत आहे. पण ही पोरं घराघरांत पोचली ती टीव्हीमुळे. १९५५ पासून रोचचे बोलपट 'लिटल रास्कल्स' या नावाने टीव्हीवर लागायला लागले आणि पुढची तीस-चाळीस वर्षं लागतच राहिले. दादा ऐंशी साली तिकडे गेला. त्याची पोरं इंग्रजी यातूनच शिकली असं तो अजून म्हणतो.

तर कात्री. टीव्ही-हक्क किंग वर्ल्ड नावाच्या कंपनीकडे होते. काळ्या मुलांची ज्यात टवाळी होते असे प्रसंग तिने १९७१ च्या सुमारास कापले, काही पट तर सरळ बाजूला काढले. 'द किड फ्रॉम बॉर्निओ' त्यातलाच. जत्रेतल्या 'रानटी माणसा'ला पोरं आपला मामा समजतात आणि घरी घेऊन येतात. दादा ज्या चाहत्यांच्या कंपूत आहे तिथे यावर वर्षानुवर्षं वाद चाललाय. कुठल्या पटातली किती सेकंदं गेली, कुठल्या चॅनेलने जाहिरातींसाठी अजून छाटली, कुणाच्या कॅसेटवर पूर्ण प्रत आहे. ही माणसं स्टॉपवॉच घेऊन बसतात, थट्टा नाही.

माझं मत विचाराल तर पूर्ण दाखवा, आणि आधी दोन वाक्यं सांगा की हे त्या काळचं आहे, यातलं हे हे चूक आहे. बॉर्निओवाला पट मी पाच वर्षांच्या मुलाला एकट्याने बघू देणार नाही, दहा वर्षांच्या मुलीबरोबर बसून बघेन. कापून टाकलं की आजोबांच्या पिढीने काय केलं तेही दिसत नाही. शिवाय असं कापताना पडद्यावरून जातात ती बहुतेक त्या काळ्या मुलांचीच कामं. म्हणजे आधी त्यांची थट्टा, मग त्यांनाच गायब करायचं. या मुलांपैकी काहींनी मोठेपणी या पटांची बाजूच घेतली होती, हेही लक्षात ठेवायला हवं.

पण हे सगळं वाचताना मला वेगळंच काहीतरी टोचत राहिलं. सेकंदांचा हिशेब लावणाऱ्या या मंडळींमध्ये पैशांचा हिशेब मला फार कमी दिसला.

या रिपीटवर उभी राहिलेली ती कंपनी पुढे 'व्हील ऑफ फॉर्च्युन', 'जेपर्डी' आणि ओप्रा विन्फ्रेचा कार्यक्रम विकायला लागली, आणि १९९९ मध्ये सीबीएसने ती सुमारे अडीच अब्ज डॉलरला घेतली. एवढा सगळा पैसा काही पोरांच्या जिवावर आला नव्हता, ओप्राचा वाटा फार मोठा. पण पहिलं दुकान पोरांवरच थाटलं होतं.

आणि पोरांना काय मिळालं? काम चालू होतं तोवर आठवड्याचा पगार. रिपीटचे शून्य. अमेरिकेतल्या नटांनी १९६० साली संप करून सिनेमा टीव्हीवर लागला की वाटा मिळवला, पण तो १९६० पासूनच्या सिनेमांचा. आधीचं सगळं बुडालं. जाडजूड स्पँकी, म्हणजे जॉर्ज मॅकफारलंड, तीन वर्षांचा असताना आला आणि जवळजवळ अकरा वर्षं होता. मोठेपणी त्याला पेट्रोल पंपापासून हॅम्बर्गरच्या टपरीपर्यंत पडेल ते काम करावं लागलं. पन्नाशीच्या दशकात टल्सा गावच्या टीव्हीवर तो मुलांचा कार्यक्रम करायचा, आणि त्यात दाखवायचे काय? तर त्याचेच जुने पट. स्वतःचं बालपण स्वतःच्या तोंडाने सादर करायचं, आणि त्या पटांवर आपला छदामही नाही. बकव्हीट झालेला बिली थॉमस पुढे फिल्म लॅबमध्ये तंत्रज्ञ होता. १९८० मध्ये, पन्नाशीच्या आतच, तो गेला. पुढच्याच वर्षी टीव्हीवर एडी मर्फीने त्याची नक्कल सुरू केली आणि ती तुफान गाजली.

चार्ली चॅप्लिनचा 'द किड' तरी आपण सगळ्यांनी पाहिलाय. त्यातला तो पोरगा, जॅकी कूगन, लाखो डॉलर कमावून एकवीस वर्षांचा झाला तेव्हा कळलं की आई आणि सावत्र बापाने बहुतेक सगळं उडवलंय. तो कोर्टात गेला. त्यातूनच १९३९ मध्ये कॅलिफोर्नियात मुलांच्या कमाईतला काही भाग राखून ठेवायचा कायदा झाला. रिपीटबद्दल त्यात काही नव्हतं. तेव्हा टीव्हीच कुठे होता?

आता आपल्या दारात येऊ. मी राहते तिथून लोकलने लोक रोज मुलांना घेऊन गोरेगाव, मीरा रोडला ऑडिशनला जातात. आमच्या मागच्या सोसायटीतली एक मुलगी आठ वर्षांची असताना एका मालिकेत नायिकेची मुलगी झाली होती. दीडेक वर्ष काम केलं. रोजाचे पैसे, तेही नव्वद दिवसांनी. मग मालिका संपली, शाळा सुरू झाली, विषय संपला. २०२० मध्ये लॉकडाऊन लागला, शूटिंग बंद, आणि सगळ्या चॅनेलनी जुन्या मालिका पुन्हा लावल्या. हिचीही लागली. नातेवाइकांचे फोन, "अगं, तू टीव्हीवर दिसतेस!" तिच्या आईने कपाटातून करारपत्र काढलं. इंग्रजीत, बारीक टायपात. सगळे हक्क, सगळी माध्यमं, कायमचे. बाबांनी फोन करून विचारलं तर पलीकडचा माणूस हसला म्हणे.

ती आता नोकरी करते. मी मुद्दाम तिला विचारलं. म्हणाली, "काकू, पैशांचं जाऊ दे. तो रडायचा सीन सगळ्यांना आवडतो ना, त्या दिवशी मला ताप होता. म्हणून ते रडणं खरं होतं. आता तो कुणाच्या ना कुणाच्या घरी लागलेला दिसतो."

तेव्हा नियम नव्हते, आता आहेत. २०१७ पासून चौदा वर्षांखालच्या मुलाकडून दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही, विश्रांतीशिवाय तीन तासांच्या वर नाही, सलग सत्तावीस दिवसांच्या वर नाही. निर्मात्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची, आणि कमाईतले किमान वीस टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावाने मुदत ठेवीत टाकायचे. चांगला नियम आहे. किती आईबापांना माहीत आहे हा वेगळा प्रश्न. पण मुद्दा असा की वीस टक्के कशाचे? जे मिळालं त्याचे. रिपीटचे काही मिळतच नसेल तर शून्याचे वीस टक्के शून्यच.

निर्माते म्हणतील, धोका आम्ही पत्करतो, दहातल्या आठ मालिका परत कुणी बघत नाही. बरोबर आहे. म्हणून वाटा आगाऊ कुणीच मागत नाहीये. परत दाखवून जाहिरात विकलीत, अ‍ॅपला विकलीत, तर त्यातला छोटासा भाग द्या, आणि तो त्याच मुदत ठेवीत टाका. गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीसाठी २०१२ मध्ये कॉपीराइट कायदा बदलला, तेव्हाही इंडस्ट्री बुडेल अशी ओरड झाली होती. बुडाली नाही.

टीव्हीचं निदान दिसतं तरी. घरोघरचे यूट्यूबर आईबाप आहेत त्यांचं काय? बाळाचं पहिलं पाऊल, पहिला दात, पडला-झडला ते सगळं चॅनेलवर. दहा वर्षांनीही त्या व्हिडिओवर जाहिरात लागेल. अमेरिकेत इलिनॉय राज्याने २०२४ पासून अशा मुलांचा वाटा राखून ठेवणं आईबापांवर बंधनकारक केलंय. आपल्या बाल हक्क आयोगाने २०२२ च्या मसुद्यात समाजमाध्यमं धरली होती, पण मार्गदर्शक सूचना आणि कायदा यात फरक असतो.

तुमच्या ओळखीत कुणी मुलाला ऑडिशनला नेत असेल तर एवढं सांगा. करार मराठीत समजावून मागा. 'सर्व माध्यमं, कायमचे' हे शब्द असतील तर पुनर्प्रक्षेपणाचं काय, हे लेखी विचारा. मुदत ठेवीची पावती मागा, आणि दंडाधिकाऱ्यांच्या परवानगीची प्रतही. काम जाईल या भीतीने कुणी विचारत नाही, हे मला कळतं. एकट्याने विचारलं तर काम जाईलही. चार पालकांनी मिळून विचारायला हवं.

ज्यांच्या घरातल्या मुलाने मालिकेत किंवा जाहिरातीत काम केलंय त्यांनी रिपीटचे काही मिळालं का, ते कमेंटमध्ये लिहा. चॅनेलचं, मुलाचं नाव नको. दादाला मी हे सगळं फोनवर सांगितलंय. तो म्हणाला, ग्रुपवर विचारून बघतो. सध्या तिथे अकरा सेकंदांवरून भांडण चालू आहे.